जॅकचा दांडा माझ्या हातात होता, भाऊजी

भाऊजी,

आज सकाळी तुमच्या दादांनी पुन्हा तेच विचारलं. टोस्टला लोणी लावता लावता सुरी हातातच राहिली, नजर खिडकीबाहेर, आणि म्हणाले, "मंदा, त्याला इथं काय कमी होतं?"

मी चहा गाळत होते. गाळत राहिले. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून माझ्या सपातांवर आला.

तुम्ही गेल्यापासून हा प्रश्न रोज घरात उठतो, आणि आमच्या आधी उठतो. कधी मला विचारतात, कधी टीव्हीला, कधी बाथरूममधल्या आरशाला. आणि उत्तर मला माहीत आहे. माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, कारण "दादांना कधी सांगायचं नाही" अशी तुम्ही मला शपथ घातलीत आणि मग खुशाल निघून गेलात. जिवंत माणसाची शपथ मोडली तर तो निदान भांडायला तरी येतो. गेलेल्या माणसाच्या शपथेचं काय करायचं असतं? असले प्रश्न विचारायला सगळ्या ग्लासगोत मला एकच माणूस होतं.

मंडळाच्या अंकात तुमच्यावर चौकट येणार आहे. जन्म साताऱ्याचा, नोकरी गोदीतल्या ड्रॉइंग ऑफिसात, लग्न केलं नाही, 'अबोल पण मनमिळाऊ'. अबोल! बटाट्याच्या भाजीत हिंग आधी की मोहरी आधी, यावर माझ्याशी आठवडाभर हुज्जत घालणारा माणूस अबोल! छापोत बापडे. मला तुमच्याशी तुमच्या त्या पिकअप गाडीबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या पाठीमागे सगळे तिच्याबद्दलच बोलताहेत. समाचाराला येतात, चहा घेतात, आणि जाताना कोटाची बटणं लावता लावता हळूच म्हणतात, "हृदयाचं दुखणं असताना एवढ्या आडरानात जाऊ कसं दिलंत?" आणि उभ्या आयुष्यात ज्यांनी माझी कागाळी कुणाकडे केली नाही, ते तुमचे दादा परवा चार माणसांत म्हणाले, "मी नको म्हणत होतो. हिनं त्याला गाडी उंच करून दिली."

खरं आहे ते. जॅकचा दांडा माझ्या हातात होता.

पण दांडा धरणारी ही बाई आली कुठून, ते तुम्ही सांगायला हवं होतंत. तुम्ही तिची टिंगल फार छान करायचात. मी करायला गेले तर मीरा म्हणते, "आजी, तू खोटी बोलते." नातीला वाटतं, आजी पाना हातात घेऊनच जन्माला आली.

लग्न होऊन या देशात उतरलेली मंदाकिनी म्हणजे एक प्रेक्षणीय स्थळ होतं. नायलॉनची साडी, पायांत उघड्या चपला, चपलांखाली बर्फ, आणि चेहऱ्यावर भाव असा, की बर्फानं स्वतःची चूक ओळखून बाजूला व्हावं. दूधवाल्यानं दार वाजवलं की ही सोफ्यामागे जाऊन बसायची. का, तर 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि त्यानं पुढे आणखी काही विचारलं तर? दिवाणखान्यातला बल्ब गेला, तर ही एम.ए. झालेली बाई मेणबत्ती लावून, मांडीवर हात ठेवून, नवऱ्याची ड्यूटी संपायची वाट बघत बसली. बल्ब बदलणं पुरुषांचं काम, आणि परक्या देशातल्या विजेचा काय भरवसा! ती बया मला आज भेटली ना, तर सोफ्यामागून कान धरून बाहेर काढीन.

मग तुम्ही आलात आणि आमच्या मागच्या खोलीत तुमचा पलंग पडला. पुन्हा बल्ब गेला तेव्हा तुम्ही घरात होतात. मला वाटलं, चला, पुरुष आहे घरात. तुम्ही स्टूल आणलंत, बल्ब माझ्या हातात दिलात आणि स्वतः स्टूल धरून उभे राहिलात. "वहिनी, हलक्या हातानं फिरवा. तो आपल्याला घाबरलाय." बल्बनंतर फ्यूज झाला, मग सायकलची चेन, मग गाडी चालवणं. माझ्या हातात पाना दिसला की दादांना हसू यायचं. तुम्हाला कधी आलं नाही. या एका गोष्टीसाठी मी तुमची किती ऋणी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्या भाजीतल्या हिंगावर बोलण्यात वेळ गेला.

दोन हजार सहाच्या वसंतात तुम्ही ती पिकअप घेऊन आलात. जपानी, जुनी, एके काळी पांढरी असावी. मागच्या हौद्याला कुणाच्या तरी मेंढ्यांचा वास. दादा ड्रेसिंग गाउनमध्येच बाहेर आले.

"अरू, हे काय आणलंस?"

"पिकअप, दादा."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"घर बघितलंय एक. वर, एका तळ्याच्या, लॉखच्या काठाला. छोटंसंच आहे. रस्ता जरा... म्हणजे, रस्ता नाहीये."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दादा भाऊ राहिले नाहीत, डॉक्टर झाले. आदल्याच वर्षी तुमच्या छातीत कळ येऊन गेली होती, नळी घालून शीर मोकळी केली होती. "तिथं काही झालं तर ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत तू थंड झालेला असशील," दादा म्हणाले. इतकं रोखठोक. तुम्ही संत्र्याच्या फोडीचे पांढरे धागे काढत होतात. "हो, दादा," म्हणालात. लहानपणापासून तुमच्या 'हो, दादा'चा अर्थ 'मी माझं ठरवलंय' असाच होता, आणि लहानपणापासून दादांना तो 'हो' वाटत आला.

घर घेतलंत. पहिल्यांदा वर गेलात आणि चिखलानं माखून परतलात. मधल्या ओढ्यातले धोंडे गाडीच्या पोटाला लागत होते. "मोठी चाकं हवीत, वहिनी. पण मोठी चाकं वर बॉडीला घासतात. म्हणून आधी बॉडी वर घ्यायची." मला कळेना, तेव्हा तुम्ही पोळ्यांचा डबा पुढे ओढलात आणि त्यावर ताटली ठेवलीत. डबा म्हणजे गाडीचा सांगाडा, ताटली म्हणजे वरची बॉडी. दोन्ही बोल्टांनी जोडलेली. बोल्ट काढायचे, ताटली उचलायची, मधे ठोकळे सारायचे, लांब बोल्ट घालून पुन्हा आवळायचं. तुम्ही मधे माझ्या डिंकाच्या लाडवाचे तुकडे सारलेत आणि मग ते खाल्लेत.

"म्हणजे आता पोट लागणार नाही?"

"सांगाडा आहे तिथंच राहतो. उंची मिळायची ती चाकांमुळं. हे फक्त चाकांना जागा करून द्यायला."

"नुसती जागा करायला एवढा उपद्व्याप?"

"हो," म्हणालात आणि खरकटी ताटली सिंकमध्ये ठेवलीत.

दादांना मी सांगितलं, भाऊजी ऑइल बदलताहेत. काय ते दिवस होते! इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं बोल्ट असे गंजले होते की हलायचं नाव नाही. तुळशीला पाणी घालावं तशी मी रोज आंघोळ करून गाडीखाली वाकायचे आणि बोल्टांवर गंज सोडवायचं तेल फवारायचे. निघालेले बोल्ट कुठले कुठले ते कळावं म्हणून मी माझा मसाल्याचा डबा रिकामा करून दिला. पुढचे मोहरीच्या वाटीत, मधले हळदीच्या, मागचे जिऱ्याच्या. नंतर कितीतरी दिवस आमच्या वरणाला गॅरेजचा वास येत होता आणि दादा म्हणत होते, "मंदा, तूर बदललीस का?"

जॅक थेट बॉडीला लावला तर पत्रा चेपतो, मधे जाड लाकूड हवं, असं तुम्ही म्हणालात. घरात जाड लाकूड एकच होतं. माझ्या आईनं लग्नात दिलेला पाट. दिवाळीच्या अभ्यंगाला दादा त्यावर बसतात. त्याला जॅकचा गोल वळ उठला तो उठलाच. त्या वर्षी दादांनी पाठीला तेल लावून घेता घेता विचारलं, "हे काय उमटलंय गं?" मी म्हटलं, "जुनं लाकूड, फुगतं."

आणि मग ते बोट.

पहिल्या बाजूला जॅक तुमच्याकडे होता. माझे हात लहान, म्हणून फटीत ठोकळा सारायचं काम माझं. बॉडी कुरकुरत वर आली. मी ठोकळा आत धरून भोकाला भोक जुळवत होते आणि जॅकनं हळूहळू दम सोडायला सुरुवात केली. तुम्हाला ते दिसलं. जगातल्या कुठल्याही माणसानं अशा वेळी 'हात!' म्हणून बोंब मारली असती. तुम्ही काय म्हणालात? "वहिनी, आपल्याला काही अडचण होणार नसेल, तर आपण जरा आपला हात..."

वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आधी बॉडी माझ्यापर्यंत पोचली.

ठोकळा होता म्हणून बोट राहिलं, नख गेलं. शेजारचा जिम कुंपणावरून फ्रोझन मटारची पिशवी घेऊन धावत आला. "व्हाय डिड ही नॉट शाउट?" असं तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. काय सांगणार त्याला? आमच्यात दीर थोरल्या वहिनीवर ओरडत नाही. साताऱ्यात आईंनी तुम्हाला तसं वळण लावलं होतं, आणि तुम्ही ते समुद्र ओलांडून, गोदीतल्या शिवीगाळीत नोकरी करून, जसंच्या तसं माझ्या बोटापर्यंत आणलंत. तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी मटार बोटाला लावून मीच तुम्हाला पायरीवर बसवलं.

"भाऊजी, आजपासून गाडीच्या कामात शिष्टाचार बंद. जे असेल ते एका शब्दात. आणि दांडा माझ्याकडे द्या. तो तुमच्या छातीला झेपत नाही, आणि ओरडणं तुमच्या जिभेला झेपत नाही."

"बरं," म्हणालात. एका शब्दात. शिकलात की लगेच.

दुसऱ्या बाजूला तुम्ही चटई टाकून गाडीखाली आणि मी बाहेर दांड्याशी. मला तुमचे फक्त बूट दिसत होते. आतून आवाज यायचा. "वर." मी दांडा मारायचे. "थांबा. वर. थांबा." खरं सांगू? मला मजा येत होती. इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं कधी. मग एकदा "थांबा" म्हणालात आणि पुढे काहीच नाही. बूट हलेनात.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. वहिनी, शिष्टाचार बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मला एकदा तुम्हा दोघांना माझ्या घरी जेवायला बोलवायचंय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या घरी. दादांनी दारात कोट काढायचा, तो मी घ्यायचा. 'बसा' मी म्हणायचं. वाढायचं मी. साताऱ्याला, मग खानावळीत, मग इथं, आयुष्यभर दादाच मला म्हणत आले, बस, जेव. मी त्यांना कधी म्हटलंच नाही."

"त्यासाठी त्या टोकाला? पलीकडच्या गल्लीत घ्या की घर."

"पलीकडच्या गल्लीत घेतलं तर दादा रोज डबा घेऊन येतील. पडदे सरळ करतील. औषधं मोजतील. ते पाहुणे व्हायचेच नाहीत. पाहुणा लांबून आला पाहिजे, वहिनी."

मी बुटांकडे बघत राहिले. एका बुटाची नाडी सुटली होती.

"दादांना सांगू नका. त्यांना वाटेल, मी त्यांच्या अन्नाला नावं ठेवतोय. माझी शपथ आहे."

"एका शब्दात सांगा म्हटलं होतं," मी म्हटलं, कारण मला रडू येत होतं.

"वर," तुम्ही म्हणालात.

आणि मी दांडा मारला.

आता भांडूया. कारण हे भांडण अर्धं राहिलं आहे आणि मला त्यामुळे झोप लागत नाही. शिष्टाचार बंद होता, मग मीही माझं सांगायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, भाऊजी, नका जाऊ. तुम्ही गेलात तर या घरात मी नुसती मिसेस डॉक्टर उरेन. मंदाकिनीची टिंगल करायला कुणी राहणार नाही. पण तसं बोलायची मला कुठं सवय? मी म्हटलं, "रोज संध्याकाळी फोन करायचा." तुम्ही म्हणालात, "रोज? मी काय हॉस्टेलला चाललोय?" मी म्हटलं, "रोज." त्यावरून आपण ठोकळ्यांचे शेवटचे बोल्ट आवळेपर्यंत भांडलो. भांडण फोनबद्दल नव्हतं, हे तुम्हालाही कळत होतं. मग मुद्द्यावर का नाही आलात? तुम्ही तरी यायचं!

गाडी पुरी झाली. स्टिअरिंगच्या दांड्याला जोड, पाइपांना जोड, सगळं पुन्हा जागच्या जागी. नवी मोठी चाकं चढली. दादांनी खिडकीतून बघितलं, बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "ऑइल बदललं की गाडी एवढी वाढते?" त्यांनी आवाज चढवला नाही. तीन दिवस माझ्याशी फक्त मीठ-तिखटापुरतं बोलले. तुम्ही विम्याच्या लोकांना कळवलंत, गाड्यांची वार्षिक तपासणी करणाऱ्या एमओटीवाल्याला दाखवलंत, त्यानं खाली वाकून बॅटरीच्या उजेडात सगळं बघितलं आणि बरं म्हणाला. पहिली फेरी मला मारायला दिलीत. बॉडी वर गेल्यामुळे गिअरचा दांडा खाली बुडाल्यासारखा झाला होता, मी पहिल्यांदा हात टाकला तो हवेतच. तुम्ही खूप हसलात. तुम्ही हसताना छातीवर हात ठेवायचात, ती सवय मला तेव्हा भीतीची वाटली नाही.

पानं पिवळी पडू लागली आणि तुम्ही वर राहायला गेलात.

दसऱ्याला आमंत्रण आलं. दिवाळीला आलं. नाताळात आलं. "दोघं या. एकट्या आलात तर दार उघडणार नाही, वहिनी, आत्ताच सांगतो." मी फोनच्या तोंडावर हात ठेवून दादांना म्हणायचे, "अहो, भाऊजी जेवायला बोलावताहेत." दादा पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "आमंत्रण कसलं देतो? त्याला म्हणावं, तू ये. तुझी खोली आहे तशी आहे. आणि विचार, गोळ्या घेतोय का." तुम्ही तिकडून, "काय म्हणाले दादा?" आणि मी इकडून, "म्हणताहेत, थंडी ओसरली की येऊ."

थंडी ओसरली की. हे माझे शब्द होते, दादांचे नव्हते. तुम्ही त्यांवर किती विसंबलात, मला माहीत नाही. हे मला टोचतं. जॅकच्या दांड्यापेक्षा हे जास्त टोचतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन आला नाही. मी केला, वाजत राहिला. बर्फात तिकडची लाइन जायची, तशी गेली असेल असं मी दादांना म्हटलं आणि दादांनी मला म्हटलं. सकाळी टपालवाली फियोना पायी वर आली, तिला तुम्ही खुर्चीत सापडलात. तिनं आम्हाला फोन केला. दादांनी तो घेतला, डॉक्टरच्या आवाजात एकेक प्रश्न विचारला, हात गार आहेत का, ओठांचा रंग कसा आहे. मग रिसीव्हर माझ्याकडे देऊन ते मागच्या खोलीत गेले आणि तुमच्या पलंगावरची चादर काढून पुन्हा घालत बसले.

आता तुम्ही सांगा. मी दांडा धरला नसता तर? मोठी चाकं बसली नसती, ओढा ओलांडता आला नसता, तुम्ही मागच्या खोलीत असतात, छातीत कळ आली असती तर दादा दोन पावलांवर होते. मनातल्या मनात मी असं करते तेव्हा तुम्ही जगता. आणि मग जगून रोज आमच्या टेबलाशी बसता, दादा म्हणतात, "बस, जेव," आणि तुम्ही म्हणता, "हो, दादा." दोन्ही बाजूंनी मी हे करून बघते. एकही बाजू सरळ बसत नाही.

इथवर लिहून मी कागद कपाटात ठेवले होते. त्यानंतर शनिवारी आम्ही वर जाऊन आलो, म्हणून पुढचं लिहिते.

दादा म्हणाले, "सामान आवरून आणू, घर विकायला लावू." फियोनानं पिकअप खाली मोठ्या रस्त्यापर्यंत आणून ठेवली होती. किल्ली तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही सेड यू ड्राइव्ह इट बेटर दॅन हिम." खोटं असणार. पण तुम्ही तिला सांगितलं होतंत तर.

दादांना चढता येईना. एक पाय वर टाकला की दुसरा उचलत नाही. मी खालून त्यांना ढकलत होते, फियोना वरून ओढत होती. शेवटी बसले, धापा टाकत, आणि खिडकीतून खाली बघत म्हणाले, "केवढी उंच केलीत ही." पहिल्यांदाच ते आपल्या दोघांना मिळून बोलले. राग नव्हता आवाजात, पण मायाही नव्हती. फियोना उतरली, तिला हात करून मी गिअर टाकला.

ओढ्याला पाणी होतं. मधोमध एका धोंड्यावर चाक चढलं, गाडी कलली, दादांनी माझा दंड पकडला. पोटाला काही लागलं नाही. गाडी पलीकडे आली आणि दादांनी हात काढला नाही.

तुमचं घर स्वच्छ होतं. एवढंसं. खिडकीत पाणी दिसतं, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. दादा खोके घेऊन आले होते, ते त्यांनी दाराशी ठेवले आणि फडताळापासून सुरुवात केली. पावाचा पुडा, सूपचे डबे, तुमच्या गोळ्या. गोळ्या त्यांनी मोजल्या. घेत होतात. मग खालच्या फळीवरून त्यांनी एक पिशवी उचलली. आंबेमोहोर तांदूळ, न उघडलेला, कुणाकडून तरी मुद्दाम मागवलेला.

"हा तर भाताला शिवायचा नाही," दादा म्हणाले. "मग हा तांदूळ कुणासाठी आणला?"

आंबेमोहोर या घराण्यात एकाच माणसाला लागतो, आणि तो ती पिशवी हातात धरून उभा होता.

मी खिडकीकडे तोंड करून होते. शपथ आठवत होती, तुमचे बूट आठवत होते. वळले आणि म्हटलं, "आपल्यासाठी. त्यांना तुम्हाला एकदा त्यांच्या घरी जेवायला बोलवायचं होतं. आपल्या घरी त्यांना एवढंच कमी होतं. ते बोलवत होते आणि तुम्ही आला नाहीत."

झालं. मोडली. तुमच्या दादांशी मी इतकं सरळ कधीच बोलले नव्हते. आता यायचं तर या भांडायला, मी तयार आहे.

दादा पिशवी घेऊन तुमच्या खुर्चीत बसले. खिडकीतलं पाणी राखाडी झालं. मला वाटलं, मी या माणसाला मारलं. तुम्हाला मारलं की नाही ते ठाऊक नाही, पण यांना नक्की.

मग त्यांनी मला विचारलं, "तांदूळ किती वेळा धुवायचा असतो?"

मी उठले, तर म्हणाले, "तू बस."

उभ्या जन्मात ज्यांनी गॅस पेटवला नाही, त्यांनी तुमचं पातेलं घेतलं, पाणी अंदाजानं घातलं, झाकण ठेवलं, दर मिनिटाला उघडून बघितलं. मी जीभ दातांखाली धरून बसले. तूप सापडलं नाही, मीठ सापडलं. तुमच्या दोन ताटल्या त्यांनी आधी शर्टाच्या टोकानं पुसल्या, मग वाढल्या.

भात खाली लागला होता आणि वर कच्चा होता. दादांनी दुसऱ्यांदा घेतला. मीही घेतला. खोके दाराशी रिकामेच राहिले. शेवटी पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवडसुद्धा त्यांनी काढून घेतली आणि चावत राहिले. पहिल्यांदा कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर पानात टाकून उठत नाहीत, भाऊजी.